प्राप्तिस्थान

खानापूर. मार्चमधला शेवटचा शनिवार.
प्राणिशास्त्र विभाग बंद होतोय, मुलं येत नाहीत म्हणून.
बरण्यांची यादी करायचं काम माझ्याकडे,
पुसायचं भरमाणी बिर्जे यांच्याकडे.
एकतीस वर्षं इथे शिपाई होते ते,
आणि निवृत्त होताना
कपाटाची किल्ली परत द्यायची विसरले.

फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं.
बरणी एक: बेडूक, नर. स्वरकोश दोन.
हनुवटीखाली दोन सुरकुत्या, चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या.
"हे निळे होते गे," भरमाणी म्हणतात,
"धोतराला नीळ देतात तसले. असोग्याच्या पुलाखाली
पाच जण गळे फुगवून बसले होते. हा जरा सावकाश उडाला."
मी लिहिते: स्वरकोश दोन.
निळ्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

बरणी चार: हृदय. अलिंदं दोन, निलय एक.
शुद्ध आणि अशुद्ध रक्त एकाच खोलीत येतं
हे मी परीक्षेत तीनदा लिहिलं होतं,
तीनदा पूर्ण गुण.
बोराएवढं आहे. पांढरं.
टाचणी अजून शिराकोटरात रुतलेली, गंजलेली.

बरणी सात ते तेरा: भैकेर, रूपांतरणाचे टप्पे.
दहावी नाही.
मागचे पाय फुटलेले, पुढचे अजून कातडीखाली,
शेपूट आहे, कल्ले आत गेलेले:
तो टप्पा नाही.
कुठल्याशा मोर्च्याच्या दिवशी खिडकीतून दगड आला.
कुणाचा मोर्चा, ते भरमाणींना आठवत नाही.
काच वेचताना अंगठा कापला, ते आठवतं.

काही बरण्यांवर तीन तीन चिठ्ठ्या.
वर इंग्रजी, खाली कन्नड, तळाशी टंकलेखन यंत्रावरची मराठी,
ज्यात 'ळ' उमटत नसे,
म्हणून देवगांडू, आणि पुढे पेनने घातलेला ळ.
ओल्या फडक्याने तिन्ही एकदम सुटतात, पापुद्र्यासारख्या.

स्नेहसंमेलनात एक पाहुणे म्हणाले होते,
आपण सीमेवरची माणसं, आपण उभयचर.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
दुसऱ्या दिवशी वर्गात हुंदरे सर खडू शोधत म्हणाले,
बेडकाला विचारलं होतं का त्यांनी?
चला, त्वचेचा छेद काढा.
श्लेष्मग्रंथी विसरलात तर अर्धा गुण जाईल.

बरणी चौदा. देवगांडूळ.
पाय नाहीत. डोळे कातडीखाली, दोन ठिपके.
डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये स्पर्शिका,
भिंगातून पाहिली तर दिसते.
वलयं मोजायची असतात. मी मोजते,
एकशे बारापर्यंत येते, शिंकते, परत एकपासून.

प्राप्तिस्थान: रिकामं.
संग्राहक: प्रा. हुंदरे.
"सर कणकुंबीला कधी आलेच नाहीत," भरमाणी म्हणतात,
तक्रार नाही, माहिती.
"मामाच्या परसात शेणखताचा ढीग होता.
कुदळ मारली. ही गोल बसलेली,
आत मण्यांसारखी अंडी.
पळाली नाही की.
मला वाटलं साप. मग वाटलं, साप असता तर पळाला असता."

अंडी कुठायत?
"अंड्यांचं कुणी सांगितलं नव्हतं.
सरांनी गांडूळ आण म्हटलं, गांडूळ आणलं."

पंखा फिरतो. कागद उडू नये म्हणून
त्यावर मी हृदयाची बरणी ठेवते.
लिहिते: मादी. कणकुंबी, परसातलं शेणखत.
अंड्यांभोवती वेटोळं घालून होती.
संग्राहक: भरमाणी य. बिर्जे.

ते चष्मा काढून बाहीला पुसतात, वाकून वाचतात,
बराच वेळ.
"य कशाला? बापाचं नाव यल्लाप्पा, पूर्ण लिही.
जागा आहे की."
जागा तशी नाहीये.
समासात, उभ्या अक्षरांत, लिहिते.